‘विषय हातात मावत नाही’

संशोधन करणाऱ्या मुली माझ्याकडे आल्या की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. ‘मॅडम, विषय खूप आवडतो, पण हातात मावत नाही.’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या चार-पाच वर्षांत मी ते इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तर सगळ्यांसाठी लिहावं असं वाटलं. उत्तर मात्र मला एका मुलीने शिकवलं. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून तिची गोष्ट सांगते.

ती कळव्याची, पीएच.डी.चं दुसरं वर्ष. झोप उडालेली, मार्गदर्शकांचा फोन आला की पोटात गोळा. पहिल्या भेटीला ती कापडी पिशवीभर झेरॉक्स घेऊन आली आणि पिशवी शेवटपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. विषय होता ‘ठाणे जिल्ह्यातील स्त्रियांचा लढ्यांतील सहभाग’. त्यात 1930चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह (तो तर कुलाबा जिल्ह्यातला, पण ‘शेजारचाच आहे ना’ म्हणून घेतलेला), 1945चा वारल्यांचा उठाव, कारखान्यातल्या कामगार बायका, नव्या मुंबईसाठी जमिनी गेलेल्या आगरी-कोळी बायका. सगळं होतं.

मी म्हटलं, “यातलं एक काढायचं झालं तर?”

“एकही नाही निघणार.”

“का?”

“त्यांना आधीच सगळ्यांनी वगळलंय, मॅडम. आता मीपण वगळू?”

तोवर मला वाटत होतं, हा आळस किंवा अपयशाची भीती असणार. ते तसं नव्हतं. हिला प्रश्न लहान करणं म्हणजे पाप वाटत होतं.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. माणसाला त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या हट्टाचा होतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो: ‘च’. मी तिला तिच्याच आराखड्यातले ‘च’ पेन्सिलीने गोल करायला सांगितले. ‘सर्वच स्तरांतील’, ‘स्त्रियांचा आवाज आलाच पाहिजे’, ‘आजवर दुर्लक्षितच’. एका पानावर अकरा निघाले. ती हसली, मग डोळे पुसले. पण खरं सांगते, ‘च’ सापडल्याने तिची सुटका झाली नाही. अपराधी भावना अशी वाद घालून जात नसते. तिला दुसरीकडे वाट काढून द्यावी लागते.

ती वाट चौथ्या भेटीत सापडली.

त्या दिवशी मी आराखडा बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, “एवढं वाचलंस, त्यातलं कुठलं पान डोळ्यांपुढून हलत नाही?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “लग्नगडी.”

मला शब्द ऐकून माहीत होता, तपशील नाही. तिने सांगितले. डहाणू, उंबरगाव, तलासरी हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. (पालघर जिल्हा झाला 2014 साली; उंबरगाव तर 1960 साली गुजरातेत गेलं.) लग्नाला पैसा नाही म्हणून वारली तरुण जमीनदार-सावकाराकडून कर्ज घ्यायचा आणि फेडीपोटी त्याच्याकडे राबायचा, वर्षानुवर्षं. त्यालाच लग्नगडी म्हणत. 1930च्या दशकाच्या अखेरीस सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने लिहिलेल्या अहवालात आणि वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये या वेठीबद्दल येतं. 1945च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरीला वारली हजारोंनी जमले, आणि वेठ व लग्नगडी मोडायचं ठरलं. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली.

हे सगळं ती धडाधड सांगत होती आणि मधेच थांबली.

“कर्ज त्याच्या नावावर, पण राबायची त्याची बायकोपण. मॅडम, त्या कागदावर तिचा अंगठा असेल का?”

मी काही बोलले नाही. समुपदेशकाने अशा वेळी आपली जीभ आवरावी. ती स्वतःच्याच वाक्याकडे बघत होती.

“हा तर एवढासा प्रश्न आहे,” ती पुटपुटली.

“उद्या सकाळी याचं उत्तर शोधायला कुठे जाशील?”

“सावकाराची कर्जखतं, दावे असतील तर ते. जिल्ह्याचं जुनं दप्तर. मुंबईत काळा घोड्याला पुराभिलेखागार.”

“आणि ‘ठाणे जिल्ह्यातील स्त्रियांचा सहभाग’ शोधायला?”

तिने पिशवी खाली ठेवली. पहिल्यांदा.

ती पिशवी जमिनीला टेकताना झालेला आवाज मला अजून आठवतो. इतक्या वर्षांच्या कामात ज्या थोड्या क्षणांचा मला अभिमान वाटतो, त्यातला हा एक. मला त्या दिवशी कळलं ते असं: मोठ्या विषयात दहा हजार बायकांच्या वाट्याला प्रत्येकी अर्धी ओळही येत नाही. त्या प्रबंधात असतात आणि दिसत नाहीत. ‘तिचा अंगठा आहे का’ असं विचारलं की निदान एका बाईच्या हाताकडे कुणीतरी नीट बघतं. प्रश्न लहान केल्याने बाई लहान होत नाही, उलट ती जवळ येते.

म्हणून आता जी कुणी ‘मावत नाही’ म्हणत येते, तिला मी आधी कुठलं पान हलत नाही ते विचारते. मग त्या पानावरचा प्रश्न असा लिहायला सांगते, की त्यात कोण, कुठे आणि कधी हे तिन्ही येईल आणि उद्या सकाळी कुठलं कपाट उघडायचं ते कळेल. कपाट कळत नसेल तर प्रश्न अजून ढगात आहे. घराजवळून सुरुवात करावी. ठाण्यात 1893पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन बसावं. ज्या बायका आज बाजूला ठेवाव्या लागतात त्यांच्यासाठी वेगळी वही करावी. माझ्या या मुलीने केली, आणि झोप परत यायला तिचा उपयोग झाला असं ती सांगते.

पुढचं सगळं सुरळीत नव्हतं. दप्तरखान्याच्या पहिल्या खेपा कोरड्या गेल्या. हाती लागलेल्या थोड्या कागदांवर नवऱ्याचा अंगठा, साक्षीदारांचे अंगठे, तिचा नाही. ती रडवेली होऊन आली: “काहीच सापडलं नाही.”

“अंगठा नाही हे सापडलं ना? कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला?”

“सावकाराच्या कारकुनाने.”

“मग तो तिच्याबद्दल गप्प का, हे लिही. आणि कारकून जिथे पोचला नाही तिथे बघ.”

दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा डोळ्यांत वेगळीच चमक होती. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. ती गाणी म्हणत लग्न लावते. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात तोही सुवासिनी. “मॅडम, ज्या लग्नापायी कर्ज झालं, ते लग्न बायकांच्या हातात होतं. फक्त कर्जाचा कागद नव्हता. गाण्यांत काही उरलं असेल का?”

हा प्रश्न मला सुचला नसता. मी मनापासून तसं सांगितलंही.

मार्गदर्शकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, ‘फार अरुंद होतंय’ म्हणाले. तिने अंगठ्यांची टिपणं पुढे ठेवली तेव्हा तासभर बोलत बसले.

पुढच्या गुरुवारची वेळ तिने फोन करून रद्द केली. तलासरीजवळच्या पाड्यावरच्या एक म्हाताऱ्या धवलेरी त्याच दिवशी भेटणार होत्या, आणि पहाटेची गाडी पकडायची होती.