दशरथ घास (जनावरांसाठीचं शेंगवर्गीय चारापीक) पेरला, पण उगवलाच नाही. बियाणं खराब असेल का?

बहुतेक वेळा बियाणं चांगलंच असतं. दशरथ घासाच्या बियांचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरत नाही. पाणी उकळून खाली उतरवा, ८० अंशांपर्यंत येऊ द्या, त्यात बी ४-५ मिनिटं ठेवा आणि लगेच थंड पाण्यात टाका. रात्रभर भिजवून सावलीत सुकवा, मग पेरा. चुलीवर उकळत ठेवलं तर बी शिजतं.

एकरी ८ किलो बी, दोन ओळींत ५० सेंमी, खोली १-२ सेंमी. खोल पडलं की रोप वर येत नाही. पेरताना एकरी २ बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट द्या. मुरमाड वावर चालतं. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर धुऱ्यावर (बांधावर) लावा.

पहिला महिना-दीड महिना वाढ फार हळू असते. पीक इथेच तणात दबून जातं, म्हणून निंदण आणि डवरणी चुकवू नका. बकऱ्या तर पहिल्या वर्षी आत सोडूच नका.

पहिली कापणी ९० दिवसांनी, नंतर दर ४० दिवसांनी. फूटभर खुंट ठेवा. उन्हाळ्यात पाणी नसेल तर पानं गळतात. उपटून टाकू नका, पावसाला खुंट फुटतो. शेंगा मात्र वाळू देऊ नका, नाहीतर शेजारच्या तुरीतही हाच उगवेल.