दाखल्यावरचा ‘कारण’ हा रकाना

एका आईने लिहिलं आहे : मुलगी १६ वर्षांची, दहावीत होती. दिवस गेल्याचं लक्षात आलं तेव्हा शाळेने मला बोलावून दाखल्याच्या अर्जावर सही घेतली. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली) केस सुरू आहे, नुसत्या तारखा पडताहेत. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. मुलीला शिकायचंय. शाळा म्हणते, आम्ही काढलं नाही, तुम्हीच दाखला नेलात. शाळेवर केस करता येईल का?

ताई, आई झालेल्या मुलीला शिकायचा हक्क आहे की नाही, यावर मी शब्द खर्च करणार नाही. अशी पत्रं नेहमी येतात. त्यांत हक्काबद्दल पानभर मजकूर असतो आणि दाखल्याबद्दल एक वाक्य. तुमचं सगळं प्रकरण त्या एका वाक्यात अडकलं आहे. दाखला बाहेर काढा आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ‘पालकांच्या विनंतीवरून’ असंच असेल. शाळेच्या फायलीत तुमच्या सहीचा अर्ज आहे. कुठल्याही टेबलावर गेलात तरी समोरचा माणूस तेवढंच वाचून दाखवणार.

त्या दिवशी अर्ज वाचायचं भान तुम्हाला नव्हतं, हे मी समजू शकते. त्यानंतरचे दहा महिने मात्र मला समजत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका कागदावर ‘ही सही आमच्या इच्छेने झालेली नाही’ असं लिहून पोच घेतली असती, तर आज शाळेला हे उत्तर देता आलं नसतं. गप्प बसलेला प्रत्येक महिना त्या सहीला बळकट करत गेला.

सिएरा लिओनमध्ये गरोदर मुलींना शाळेत यायला सरकारनेच बंदी घातली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि मार्च २०२० मध्ये ती उठली. टांझानियाने अशीच बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतली. तिथे बंदी सरकारची आणि उघड होती म्हणून तिच्याविरुद्ध लढता आलं. आपल्याकडे असा कुठलाही कायदा नाही. आपल्याकडे पालकाचीच सही घेऊन मुलीला बाहेर काढतात, आणि मग आव्हान द्यायला हुकूमच उरत नाही. म्हणून आधी शाळेकडून लेखी नकार मिळवायचा आहे.

शिक्षण हक्क कायद्याचा उल्लेख तुम्ही पत्रात तीनदा केला आहे. २००९ च्या या कायद्याचं कलम १६ मुलांना शाळेतून काढायला मनाई करतं, पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. तुमची मुलगी दहावीत होती, तेव्हा त्यावर विसंबू नका. (ज्यांची मुलगी सातवी-आठवीत आहे त्यांनी मात्र हेच कलम पहिलं वापरावं. कलम ५ सुद्धा : दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा अशा मुलीचा प्रवेश अडवू शकत नाही.)

आता करायचं ते. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा : अमुक तारखेला शाळेत बोलावून, प्रकृतीचं कारण सांगून, शाळेनेच तयार केलेल्या अर्जावर माझी सही घेतली; ती मी मागे घेते; मुलीला त्याच इयत्तेत पुन्हा प्रवेश द्यावा, द्यायचा नसेल तर कारण लेखी कळवावं. केस, आरोपी, बाळ यांतलं काहीही या कागदात नको. तो दहा हातांतून फिरेल आणि मुलीची ओळख उघड होणं तिच्या हिताचं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. एक प्रत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकारात तुमच्या सहीच्या अर्जाची आणि जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल मागा. त्याला ३० दिवसांची मुदत असते. अर्जातलं अक्षर कुणाचं आहे, हे तेव्हा दिसेल.

लेखी नकार हातात आला की उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. न्यायालय पुन्हा प्रवेशाचा हुकूम देईलच, असं मी म्हणणार नाही. शाळा कोणत्या प्रकारची आहे आणि न्यायाधीशांना तुमची सही कशी दिसते, यावर बरंच अवलंबून राहील.

त्या लेखी नकाराचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. पोक्सोचा खटला शक्यतो एका वर्षात संपवावा, असं कायद्यातच आहे. तुम्हाला तारखा मिळताहेत आणि त्याचा राग मलाही येतो. पण नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघायची गरज नाही. पोक्सो नियम, २०२० मधल्या नियम ९ प्रमाणे एफआयआर नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालयाकडे अंतरिम भरपाई मागता येते. रक्कम ठरवताना बघायच्या गोष्टींत गुन्ह्यामुळे शिक्षणाची संधी गेली का, हा मुद्दा स्पष्ट शब्दांत आहे. गरोदरपण हाही त्याच यादीतला आणखी एक मुद्दा आहे. हुकूम मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य सरकारने पैसे द्यायचे असतात. दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि समोर तुमचं मौन, एवढंच असेल तर शिक्षण गेलं ते कशामुळे, हे न्यायालयाला पटवणं अवघड. तुमचा अर्ज आणि शाळेचा नकार जोडलात की चित्र पालटतं. सरकारी वकिलांना हा अर्ज करायला सांगा. त्यांनी टाळाटाळ केली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

न्यायालयाच्या भरवशावर शिक्षण थांबवू नका. मला विचाराल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतून दहावी करणं तिच्या आत्ताच्या दिवसांना जास्त सोयीचं आहे. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं आणि व्यवसाय विषयही घेता येतात. रात्रभर जागं ठेवणाऱ्या बाळाच्या आईला याची किंमत कळेल.

शाळेला द्यायचा अर्ज मुलीच्या हाताने लिहून घ्या, सही तुम्ही करा. पोच घ्यायला तिला सोबत न्या. बाळाच्या जन्मदाखल्याचं कामही तिलाच शिकवा. वडिलांचं नाव नसलं तरी आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला दिला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. खिडकीवरचा माणूस नाही म्हणाला तर तेही लेखी मागायला तिला सांगा.

आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरवलंत, तर त्याला मूळ दाखला जोडावा लागतो. तो एकदा गेला की जुन्या शाळेत परतायची वाट जवळजवळ बंद झाली असं समजा. शाळेचं लेखी उत्तर येईपर्यंत मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका.