जखमी रायडरसाठी काय करशील?

बाइक शर्यतीच्या ट्रॅकवर येऊन जेमतेम महिना झाला आणि जखमी रायडरसाठी काय करावं हे तू विचारलंस, मला फार बरं वाटलं.

वर्गणी तर दे. नेहमीच्या अपघात विम्यात शर्यतीतली दुखापत बहुधा धरत नाहीत, खर्च सगळा घरच्यांच्या अंगावर येतो. पण इंदूरात आपली मंडळी पहिल्या आठवड्यात एमवाय रुग्णालयात गर्दी करतात, नंतर कोणी फिरकत नाही. तू नंतर जा. नुसतं कॉलरबोन मोडलं तरी जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात. कण्याला मार असेल तर साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रभर हे त्याची आई एकटी करते. नर्सकडून नीट शिकून घे, एक रात्र तू जाग, त्या माउलीला झोपू दे. आणि बाइक विकायचा विषय त्याच्यासमोर काढू नकोस.

ऑस्ट्रियाचे हाइन्झ किनिगाडनर मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीचे, 1984 आणि 1985 चे 250 सीसी विश्वविजेते. 2003 मध्ये त्यांचा मुलगा हानेस पडला, अर्धांगवायू झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी मज्जारज्जूवरच्या संशोधनासाठी ‘विंग्ज फॉर लाइफ’ ही संस्था उभी केली. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे.

आणखी एक, ट्रॅकवरचं. कोणी पडला की लोक धावत जाऊन आधी हेल्मेट ओढतात. तू त्यांना अडव. श्वास चालू असेल तर मान हलवू द्यायची नाही, मागच्यांना पिवळा झेंडा, म्हणजे पुढे धोका आहे अशी खूण, दाखवायला लावायचा आणि लगेच 108 फिरवायचा.