दोन भेटींच्या मधले दिवस

प्रिय बेटा,

तुझा मेसेज मिळाला. यवतमाळमधल्या झरी जामणीच्या त्या उपकेंद्रावर रुजू होऊन टॅब, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर सगळं ताब्यात घेतलंस, आणि मग विचारलंस, "मॅडम, पेशंट लांब पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, डॉक्टर तालुक्याला. असं लांबून लक्ष ठेवून खरंच काही होतं का, की नुसतं पोर्टल भरायचं?" होतं. व्हिडिओ कॉलच्या पाच मिनिटांतही होतं, पण खरा फायदा दोन भेटींच्या मधल्या दिवसांत आहे, आणि तिथेच आपल्याकडचे पेशंट आपल्या हातून सुटतात.

बीपीचा पेशंट कसा वागतो, ते तू बघतेच आहेस. डॉक्टरला तो महिन्यातून एकदा दिसतो. कापूस फुटला की तेवढंही नाही. ग्रामीण रुग्णालयात जायचं म्हणजे एसटीचं भाडं, स्वतःची मजुरी आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडणार. वेचणीला किलोवर पैसे मिळत असताना कोणती बाई गोळ्यांसाठी दिवस मोडेल? त्यात बीपी दुखत नाही. "आता तं बरं वाटून राह्यलं, मंग गोळी कायले खाऊ?" हे तुला रोज ऐकायला मिळेल. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या बाजूने तिचा हिशोब बरोबर आहे. पुढे तिला अर्धांगवायू झाला की घरचे म्हणतात, अचानक झालं. कितीतरी वेळा त्याआधीचे चार-चार महिने वरचं बीपी १७०-१८० असतं आणि ते मोजायला कोणी गेलेलं नसतं.

म्हणून बीपी तिच्या दारात मोजायचं, आकडा डॉक्टरपर्यंत पोचवायचा आणि गोळी कमी-जास्त करायचा निर्णय तिच्या दारात परत आणायचा. २०१७च्या शेवटी देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले वर्धा आणि भंडारा होते. त्याची रचना साधीच आहे. गोळ्यांचा ठरलेला क्रम, गावाजवळ मिळणारी औषधं, प्रत्येक पेशंटची नोंद, आणि जो आला नाही त्याला शोधणं. हे शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, पण जीव त्यानेच वाचतात.

मशीन आलं की सगळं आपोआप होतं, असं मात्र समजू नकोस. दोन अभ्यास तुला सांगते, दोन्ही हृदय कमकुवत झालेल्या पेशंटवरचे. अमेरिकेत २०१०मध्ये १,६५३ जणांचा अभ्यास छापून आला. पेशंटने रोज फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारणार, पेशंट बटणं दाबून लक्षणं आणि वजन कळवणार. सहा महिन्यांनी पाहिलं तर दवाखान्यात भरती होण्यात फरक नाही, मृत्यूंतही नाही. पुढे २०१८मध्ये जर्मनीतला अभ्यास आला, दीड हजारांवर पेशंटचा. तिथेही रोज वजन, बीपी, ईसीजी घरूनच जायचं, पण दुसऱ्या टोकाला चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले होते. आकडा बिघडला की ते लगेच फोन करायचे, औषध बदलायचे. तिथे वर्षाला शंभरातले मृत्यू साधारण अकरावरून आठाच्या आसपास आले. सगळा फरक त्या दुसऱ्या टोकाचा होता, असं माझं ठाम मत आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या बीपीच्या अभ्यासात हेच दिसलं: पेशंटने घरी मोजायचं आणि डॉक्टरने ते आकडे धरून गोळी ठरवायची, तर वर्षभरात वरचं बीपी नेहमीच्या उपचारापेक्षा चार-पाच पॉइंटांनी कमी राहिलं. चार-पाच पॉइंट तुला थोडे वाटतील. सबंध तालुक्याचं बीपी तेवढं उतरलं तर किती घरांतला अर्धांगवायू टळेल, याचा विचार कर.

तेव्हा एखाद्याचं नाव यादीत घेण्याआधी दोन गोष्टी ठरव. हा आकडा कोण बघणार, कोणत्या वारी? आणि बिघडलेला दिसला तर काय करणार? हे ठरलं नसेल तर तू फक्त आकडे गोळा करशील, आणि पेशंटला वाटत राहील की आपल्याकडे कोणीतरी बघतंय. ती खोटी खात्री मला फार धोक्याची वाटते.

आता मोजण्याबद्दल, कारण तू पाठवलेल्या आकड्यावर मी इकडे बसून गोळी वाढवणार आहे. पेशंट वावरातून चालत आला, तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी आहे आणि तू मशीनचा पट्टा, म्हणजे कफ, बांधलास, तर ते बीपी त्याचं नव्हे, खर्र्याचं आणि चालण्याचं आहे. चूळ भरायला लाव. खर्रा, बिडी, चहा यानंतर अर्धा तास जाऊ दे. लघवीला जाऊन यायला सांग. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसव. खाटेवर पाय लोंबकळत ठेवून मोजू नकोस. हात छातीच्या पातळीला टेबलावर हवा, कफ उघड्या दंडावर हवा. पोलक्याची बाही वर सरकवून तिथे घट्ट वळी झाली तर तेही चूक. आणि मोजताना "लेक कुठं असते, सोयाबीन किती झालं" हे विचारू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून मुद्दाम सांगते, बोलण्याने बीपी वाढतं. एक मिनिट थांबून पुन्हा मोज, आणि दोन्ही आकडे लिही. १४६ आलं तर १४६च लिही, १४० करू नकोस.

ग्लुकोमीटरचं वेगळंच आहे. बहुतेक स्ट्रिपांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपला मे महिना ४५च्या पुढे जातो. आशाताई ती डबी पिशवीत घालून उन्हात पोडापोडावर फिरते, उपकेंद्राच्या टिनाखालचं कपाट तर दुपारी हात लावू देत नाही. त्या स्ट्रिपने दिलेल्या साखरेवर विश्वास ठेवू नकोस. लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होईल, तेही करू नकोस, तो फक्त लसींसाठी आहे. घरातली सगळ्यांत थंड खोली शोध, झाकण घट्ट लाव, आणि महिन्यातून एकदा एकाच पेशंटची साखर तुझ्या मशीनवर आणि पीएचसीच्या लॅबमध्ये एकाच वेळी तपासून बघ. टोचण्याआधी बोट साबणाने धुऊन कोरडं कर. आंबा नाहीतर मोहाची फुलं हाताळलेल्या बोटावर साखर खोटीच जास्त येते. ऑक्सिमीटर लावताना मेंदी आणि नेलपॉलिश नसलेलं, गरम बोट निवड. सावळ्या कातडीवर हे मशीन कधी-कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, म्हणून ९४-९५ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय, तर माणसाकडे बघ.

तुला वाटत असेल, हे सगळं शहरातून आलं. तसं नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळाचे श्वास मोजायचे, मिनिटाला ६० किंवा जास्त असतील तर धोका. बाळ दूध ओढतंय का, अंग थंड आहे का, वजन किती. त्या आरोग्यदूतांच्या कामाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या घरभेटींत आली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तुझी आशाताई या भेटींचा फॉर्म भरते तेव्हा ती जगाला आपल्या विदर्भाने शिकवलेलं काम करते आहे. तिला हे सांग. मी ज्या-ज्या आशाताईंना हे सांगितलं, त्यांचा चेहरा उजळला.

गरोदर बायांची यादी पावसाळ्याच्या आधी वेगळी काढ. मी भामरागडकडे होते तेव्हा पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि पलीकडची गावं तुटायची. तुझ्याकडे तेवढी मोठी नदी नसेल, पण रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहायला एक रात्रीचा पाऊस पुरतो. सातव्या महिन्यानंतर दर आठवड्याला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन. १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरशी बोल. १६०/११० असेल, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वर दुखतंय, तर बोलत बसू नकोस, गाडी बोलाव. लांबून लक्ष ठेवण्याचा इथला फायदा म्हणजे चार-पाच दिवस आधी कळणं. तेवढ्यात नाल्याला पाणी येण्याआधी बाईला हलवता येतं, जिथे माहेरघर, म्हणजे दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय आहे, तिथे ठेवता येतं.

सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची मुलं आपल्याकडे घराघरांत सापडतील. जुलै २०२३पासून राष्ट्रीय मोहीम आहे, तपासणीची कार्डंही वाटली जातात. पण कार्ड मिळालं म्हणून उपचार सुरू राहतो असं नाही. त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेल्या पोराची रक्ततपासणी वेळेवर व्हायला हवी, नाहीतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या कळत नाहीत. त्याच्या आईला तीनच गोष्टी पाठ करून दे: १०१च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम, आणि डोळे-ओठ एकदम पांढरे पडणं. यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही फोन. आणि तिने केला तर उचल.

फोन कोणाचा आहे, हेही लिहून ठेव. रजिस्टरमध्ये नंबर बाईच्या नावापुढे असतो, पण फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा वावरात. मग तू सकाळी अकराला केलेला कॉल तिच्यापर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी सातनंतर कर. जिथे रेंज नाही तिथे आकडे वहीत उतरव आणि रेंज मिळाली की पाठव. बीपीचा आकडा संध्याकाळी पोचला तरी चालतं. छातीतलं दुखणं, साप चावणं, फिट येणं, अंगावरून जास्त रक्त जाणं, यासाठी मात्र टॅब उघडूच नकोस. १०८ लाव, आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरशी बोल.

पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट गावाच्या किंवा स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकू नकोस, अगदी घाईतही. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मनाचा आजार. चार हजार वस्तीच्या गावात एक फोटो फिरला की ती बाई पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. आधी विचार, "तुमची माहिती डॉक्टरांना पाठवू का?" ती हो म्हणेपर्यंत थांब. आणि फोनवर कोणी शेतकरी "आता जगून काय करू" असं बोलला, तर बीपीचं राहू दे. त्याचं ऐक, घरच्याला जवळ बसव, तुमच्या डॉक्टरला कळव आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ तू स्वतः लावून दे. तिथे मराठीत बोलता येतं.

आता या टोकाची, म्हणजे आमची गोष्ट. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेवर, कॉल लागला की मला पेशंटचा चेहरा नीट दिसत नाही, आवाज तुटतो, मागे लेकरं रडत असतात. तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात मला एवढं दे: वय, कशासाठी, किती दिवस, आजचा आकडा आणि आधीचे दोन, चालू गोळ्या, आणि त्या खरंच खातो का. हे शेवटचं पाकीट बघून सांग, विचारून नको. पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या की खरं कळतं. गोळ्या खात नसलेल्याची गोळी मी वाढवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने सगळ्या एकदम सुरू केल्या, तर तो चक्कर येऊन वावरात पडेल. आणि तुला माझं म्हणणं पटलं नाही तर तिथेच बोल. पेशंटला तू हात लावला आहेस, मी नाही.

टार्गेटचं दडपण येईल. रोज एवढे कॉल दाखवा, म्हणतील. जेवढे खरे होतील तेवढेच कर. वीस पेशंट नीट सांभाळलेस तर त्यांच्या शेजारपाजारचे स्वतःहून दंड पुढे करतील, हे मी बघितलं आहे.

या महिन्यात एवढंच कर. बीपी आणि साखरेचे मिळून वीस जण निवड, त्यात वेचणीला जाणाऱ्या बाया जास्त घे. प्रत्येकापुढे फोन कोणाचा, कधी उचलतात, औषध कोणत्या तारखेला संपतं, हे तीन रकाने आख. मोठ्या मापाचा कफ मागणीपत्रात आजच टाक, जाड दंडावर छोटा कफ बीपी जास्त दाखवतो आणि आपण उगाच गोळ्या वाढवतो. यादी मला बुधवारपर्यंत पाठव. गुरुवारी दुपारी दोननंतर माझी ओपीडी आटोपते, तेव्हा दोघी मिळून एकेक नाव बघू.

तुझी,
मॅडम