एका वेळी एकच बदल कर

अरे बाळा,

काल फोनवर म्हणालास ना की ऑफिसला निघायचं म्हटलं की पोटात कळ येते, तीनदा जाऊन आलं तरी साफ वाटत नाही आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणून घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. अजिबात नाही. आयबीएसमध्ये, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, आतडं आणि मेंदू यांचं आपसातलं गणित बिघडतं, म्हणून टेन्शन आलं की पोट ढवळतं, पण दुखतं ते खरंच दुखतं. कल्याण-दादर करायचे तेव्हा कुठल्या स्टेशनवर टॉयलेट कुठे आहे हे मला तोंडपाठ होतं.

माझी चूक तू करू नकोस. मी एकाच आठवड्यात गहू बंद, दूध बंद, दोन चूर्णं, एक काढा असं सगळं सुरू केलं, थोडं बरं वाटलं पण कशाने ते कळलंच नाही. एक साधी वही कर, काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं, झोप किती झाली, एवढंच लिही. आणि एका वेळी एकच बदल. आधी कांदा-लसूण तीनेक आठवडे सोडून बघ, दोन्हीत फ्रुक्टन नावाचं नीट न पचणारं कर्बोदक असतं, त्याने बऱ्याच जणांना गॅस होतो. फरक नाही पडला तर परत खायला लाग, उगाच आयुष्यभर पथ्य नको.

आयुर्वेदात हे ग्रहणी म्हणजे पचनाच्या विकाराच्या अंगाने बघतात, चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 15 वा अध्याय त्यावरच आहे आणि त्यात ताकाचं महत्त्व सांगितलंय. ताक म्हणजे पाण्यात कालवलेलं दही नव्हे हं! गोड दही रवीने घुसळायचं, लोणी वर आलं की काढून घ्यायचं, मग पातळ करून भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, सैंधव, आणि दुपारच्या जेवणासोबत घ्यायचं, रात्री नाही. दूध सोसत नसेल तर मात्र आधी अर्धी वाटीच घेऊन बघ.

दुकानातलं पोट साफ करायचं चूर्ण मनाने घेऊ नकोस, त्यात बऱ्याचदा सोनामुखी असते, तिने कळा वाढतात. इसबगोल चालेल, एक चमचा, भरपूर पाण्यासोबत. बाकी औषध वैद्यांना नाडी-जीभ दाखवूनच, आणि चालू गोळ्या त्यांना सांगून.

शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही झालं तर ताक-बिक बाजूला ठेव आणि सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जा.

पुढच्या रविवारी ये, मऊ भात आणि मुगाचं वरण करते, वही विसरू नकोस.

तुझी,
मावशी