संग्रहालयात मध्ययुगीन इस्लामी काळातल्या चमचे, दिवे, कुलुपं यांच्याखाली नुसतं ‘तांब्याचा मिश्रधातू’ का लिहितात? असल्या साध्या वस्तू तपासून मिळतं तरी काय?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तसं लिहिण्यात आळस नाही, प्रामाणिकपणा आहे. आठ-नऊशे वर्षं मातीत पडलेला चमचा पितळी (तांबं आणि जस्त) आहे की कांस्याचा (तांबं आणि कथील), हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. हिरवट थराखाली दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या याद्यांमध्ये ‘ब्राँझ’ लिहिलेल्या कितीतरी वस्तू तपासल्यावर पितळी निघाल्यात.

माझं रोजचं काम ओतकामाचे तुटलेले सुटे भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, बुशिंग वगैरे. पुरातत्त्व हा वाचनाचा नाद. पण तपासायची पद्धत दोन्हीकडे बरीचशी एकच, म्हणून लिहितोय.

हल्ली संग्रहालयात पिस्तुलासारखं एक्स-रे यंत्र घेऊन येतात, वस्तूवर टेकवतात, आणि अर्ध्या मिनिटात टक्केवारी पडद्यावर दिसते. सोय उत्तम, पण हे यंत्र वाचतं ते वरचा केसाएवढा जाड थर, फार तर. आणि गडबड नेमकी तिथेच झालेली असते. पितळ जमिनीत राहिलं की पृष्ठभागातलं जस्त आधी झिरपून जातं. कांस्याचं उलट होतं: तांबं निघून जातं आणि कथील मागे साचतं. त्यामुळे आत 10 टक्के कथील असलेल्या वस्तूच्या अंगावर 25 टक्के सहज वाचता येतं. शिवाय त्या वस्तूला शंभर वर्षांपूर्वी कुणी आम्लाने घासलं असेल, वर मेण लावलं असेल, तर विचारूच नका.

खात्रीचा आकडा हवा असेल तर वस्तूला भोक पाडावं लागतं. भोक म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर रुंद, तळाशी किंवा जुन्या मोडलेल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. ड्रिलमधून पहिला येतो तो लालसर-हिरवा भुगा, तो टाकून द्यायचा. पुढे चकचकीत पिवळे पिळे यायला लागले की समजायचं निरोगी धातू लागला. असे दहा-वीस मिलिग्रॅम पुरतात. आता नक्षीदार, चांदी जडवलेल्या सुरईला भोक पाडायची परवानगी कोण देणार? मोडक्या पळीला देतात. साध्या वस्तूंचं शास्त्र पुढे गेलं त्यामागे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

पण माझ्या मते टक्केवारी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की वस्तू ओतली आहे की ठोकून घडवली आहे? हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

हे बघायला नखाच्या टोकाएवढा तुकडा राळेत बसवतात, आरशासारखा घासतात आणि फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनाने हलका चरवतात. ओतीव धातूत फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसते. वितळलेला धातू थंड होताना असाच गोठतो. ठोकून, तापवून, पुन्हा ठोकलेल्या पत्र्यात ती नक्षी पार मोडलेली असते. तिच्या जागी बहुकोनी कण, आणि त्या कणांच्या आरपार सरळ समांतर पट्टे. शेवटच्या तापवणीनंतरही हातोडा चालला असेल तर ते पट्टे वाकलेले दिसतात. म्हणजे कारागिराने शेवटचा हात मऊ धातूवर थांबवला की मुद्दाम कडक करून सोडला, एवढंसुद्धा वाचता येतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलं असेल तर ठोकून धातू कडक होतो म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

त्याच तुकड्यावर आणखी एक गोष्ट दिसते: काळे गोल ठिपके. ते शिसं. शिसं तांब्यात मिसळत नाही, वेगळ्या थेंबांनी राहतं. ओतकामात ते हवंच असतं, कारण धातू पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो, आणि तांब्यापेक्षा स्वस्तही पडतो. त्याच धातूचा पत्रा काढायला जा, ठोकताना कडा तडकतील. म्हणून मध्ययुगीन इस्लामी वस्तूंमध्ये एक विभागणी पुन्हा पुन्हा सापडते. दिव्याचे स्तंभ, पाये, कड्या, मुठी ओतीव, त्यात शिसं भरपूर, कधी 20 टक्क्यांपर्यंतसुद्धा, आणि सोबत जस्त-कथिलाची खिचडी. थाळ्या, वाडगे, बादल्या पत्र्याच्या, त्यात शिसं जेमतेम. आता ‘त्या काळात शिसं किती वापरत?’ असा सरसकट प्रश्न कुणी विचारला तर त्याला उत्तरच नाही.

या विभागणीचं उत्तम उदाहरण आजच्या इस्राएलमधल्या गॅलिली सरोवराकाठच्या तिबेरियास गावचं. 1998 साली तिथल्या उत्खननात मातीचे तीन मोठे रांजण सापडले, आत तांब्या-पितळेच्या सुमारे हजारभर वस्तू. काळ 11वं शतक, फातिमी राजवट. ती जागा धातुकाम करणाऱ्याची होती, कारण धड वस्तूंबरोबर मोडके भाग आणि भंगारही भरून ठेवलेलं होतं, आणि बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची तांब्याची नाणीसुद्धा. दुकानदाराचा गल्ला आणि भंगारवाल्याचं पोतं एकाच ठिकाणी मिळावं, याहून मोठं नशीब अभ्यासकाला नाही. कारण राजवाड्यातली वस्तू सांगते की पैसा असेल तर काय करता येतं. रांजणातला माल सांगतो की मंगळवारी दुपारी गिऱ्हाइकासाठी काय बनत होतं.

आता पितळ. तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ झालं, असं आज वाटतं. तेव्हा इराण-सीरियात तसं करता येत नव्हतं. खनिजातून जस्त मोकळं व्हायला लागतं हजार अंशांच्या आसपास, आणि उकळतं 907 अंशांना. म्हणजे निघतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून पांढरी भुकटी. मग त्या भुकटीचाच उपयोग करायचे. तिला तुतिया म्हणत. इराणमधल्या किरमानकडच्या भट्ट्यांत ती गोळा करायची तऱ्हा मार्को पोलोने लिहून ठेवली आहे: खाली खनिज जाळायचं, वर लोखंडी जाळी, जाळीला धूर चिकटतो तीच तुतिया. ही भुकटी, कोळशाची पूड आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत घालून तापवायचं, पण तांबं वितळणार नाही इतपतच. मुशीतल्या मुशीत जस्ताची वाफ होते आणि घन तांब्यात मुरते.

या पद्धतीला मर्यादा आहे. साधारण 28 टक्क्यांच्या वर जस्त तांब्यात जात नाही. म्हणून 12व्या शतकातला म्हणून विकायला आलेल्या दिव्यात 35 टक्के जस्त निघालं आणि शिसं-कथिलाचा मागमूस नसला, तर मी पाकीट खिशात ठेवीन. जस्त धातू म्हणून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे त्याची वाफ बंद भांड्यात थंड करून, काढायची विद्या तेव्हा आपल्याकडे राजस्थानात, उदयपूरजवळच्या झावरला होती. तिथे वापरून टाकलेल्या मातीच्या नळकांड्यांचे डोंगर आजही आहेत.

पितळाचा प्रसार कधी झाला, हेही किरकोळ वस्तूंनीच दाखवलं. आजच्या इस्राएलमधलं बेत शेआन शहर 749 च्या भूकंपात कोसळलं, ढिगाऱ्याखाली घरं-दुकानं जशीच्या तशी राहिली. तिथल्या बायझंटाइन थरातल्या आणि त्यानंतरच्या उमय्यद, म्हणजे सुरुवातीच्या इस्लामी राजवटीच्या थरातल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, तर कांस्याकडून पितळाकडे ठळक कल दिसतो. यात कलाकुसरीचा नमुना एकही नसता तरी चाललं असतं.

खुरासानात, म्हणजे ईशान्य इराणमधल्या निशापूर वगैरे भागात, तिसराच प्रकार मिळतो. 20 टक्क्यांच्या वर कथील असलेलं पांढुरकं कांस्य, सफीद-रूय. 11व्या शतकातल्या अल-बिरुनी या विद्वानाने खनिजांवर लिहिताना याची दखल घेतली आहे. एवढं कथील घातलेला धातू थंडपणी ठोकला तर काचेसारखा फुटतो. तो लाल करून, 600-700 अंशांवर ठोकायचा आणि शेवटी तापलेलाच पाण्यात बुडवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बुडवल्याची खूण सुयांच्या जाळ्यासारखी स्पष्ट राहते. आपल्या घरातली तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी याच घराण्यातली.

लोखंडाबद्दल थोडक्यात, कारण गंजाने फार खाल्लेलं असतं. कुलुपं आणि सुऱ्यांचे नुसते गंजाचे गोळे हाती येतात आणि क्ष-किरण छायाचित्रातच आतला आकार दिसतो. पोलादाची गंमत वस्तूंपेक्षा मुशींच्या खापरांत जास्त आहे. इराणमधल्या चाहकच्या 11व्या-12व्या शतकातल्या खापरांत क्रोमियमचं खनिज मुद्दाम घातल्याचा पुरावा 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यावर ‘हजार वर्षांपूर्वीचं स्टेनलेस स्टील’ असे मथळे आले. तसं काही नाही. त्या पोलादात क्रोमियम साधारण 1-2 टक्के. स्टेनलेसला किमान साडेदहा लागतं.

राहिला शेवटचा मुद्दा: धातू कुठून आला? यासाठी शिशाचे समस्थानिक, म्हणजे शिशाचेच पण वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजतात, कारण प्रत्येक खाणीतल्या शिशात त्यांचं गुणोत्तर थोडं वेगळं असतं. पुस्तकात हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात अब्राहम बेन यिजूची आठवण ठेवावी लागते. हा मूळचा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी, 1132 च्या सुमारास मंगळूरला आला आणि सतराएक वर्षं राहिला. तिथे त्याचा तांब्या-पितळेचा कारखाना होता. येमेनमधल्या एडन बंदराचे व्यापारी फुटकंतुटकं सामान जहाजाने त्याच्याकडे पाठवायचे आणि यातून अमुक मापाची भांडी करून परत पाठव, असं पत्रात लिहायचे. ती पत्रं कैरोच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, जुन्या कागदांत सापडली. म्हणजे एडनमध्ये मिळालेल्या वाडग्यात कुठल्या तरी खाणीचं तांबं, दुसऱ्याच जुन्या सुरईतलं कथील, आणि घडवणारे हात मंगळूरचे, असं होऊ शकतं. शिवाय भंगार पुन्हा वितळवताना दर वेळी थोडं जस्त धूर होऊन उडतं, त्यामुळे मूळ धातू काय होता ते आणखी पुसट होतं.

म्हणून समस्थानिकांचा तक्ता समोर आला की मी आधी त्या वस्तूत शिसं किती आहे ते बघतो. पाच-दहा टक्के असेल तर ते मुद्दाम घातलेलं आहे, आणि तक्ता फक्त शिशाची खाण सांगतोय, तांब्याची नाही. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, वस्तू ठोकीव असेल आणि कथील-जस्ताची भेसळ कमी असेल, तरच तांब्याच्या खाणीबद्दल बोलायला सुरुवात करावी.