‘सैराट’च्या शेवटच्या सीनमध्ये आवाज का बंद केलाय? कॅमेरा आणि प्रतीकं कशी वापरलीत?

आधीच सांगतो, पिक्चर बघितला नसेल तर इथंच थांबा, पुढे सगळा शेवट फुटणार आहे. गोष्ट थोडक्यात अशी: आर्ची आणि परश्या वेगवेगळ्या जातींतले, प्रेमात पडून पळून जातात, त्यांना पोर होतं आणि शेवटी आर्चीच्या घरचे येऊन दोघांचा खून करतात.

मी फोंड्याकडचा. आमच्या गावात जत्रेला देवळासमोर गावचीच माणसं मराठी नाटक करतात आणि त्या नाटकांचा साऊंड बरीच वर्षं मी बघतो. मधेच माइक गेला की मागून पहिली आरोळी येते ती माझ्या नावानं. त्यामुळे २०१६ साली पणजीला थिएटरात ‘सैराट’ बघताना, शेवटी त्यांचं ते पोर तोंड उघडून रडतंय आणि ऐकायला काहीच येत नाही म्हटल्यावर माझी मान सवयीनं मागे वळली, प्रोजेक्टरच्या खिडकीकडे. मला खरंच वाटलं साऊंड गेला. दोन-तीन सेकंदांनी डोक्यात शिरलं की हा मुद्दाम काढलाय.

आता ही शांतता एवढी का लागते, तर त्याची तयारी पहिल्या रीळापासून चाललेली असते. अजय-अतुलनी ह्या पिक्चरचं संगीत लॉस एंजेलिसला भलामोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलंय, चारही गाणी गावाकडच्या भागात येतात, परश्या धावतो, विहिरीत उडी घेतो, आर्ची बुलेट-ट्रॅक्टर चालवते, सगळं मोकळ्या रानात आणि जागोजागी स्लो मोशनमध्ये, आपले कान अगदी लाडावलेले असतात. मग दोघं पळून हैदराबादला पोचतात आणि झोपडपट्टी सुरू होते, तिथे कॅमेऱ्याला लांब बघायला जागाच नाही, गाणं नाही, भांडी, गर्दी, भांडणं एवढंच. म्हणजे संगीत आधी हळूहळू कमी होत गेलंय आणि शेवटी रडण्याचा आवाजपण काढून घेतलाय. एरवी पिक्चरमधल्या शांत सीनलासुद्धा खाली काहीतरी चालू असतं, पंखा, लांबची गाडी, कुठे कावळा. इथे तेही नाही. मग थिएटरच वाजायला लागतं, एसी, कुणाचं तरी नाक ओढणं, माझ्या शेजारच्याच्या हातातला पॉपकॉर्नचा कागद (तो बिचारा हालायचंच विसरला होता).

कॅमेऱ्याबद्दल मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की खून दिसतच नाही. आर्चीचा भाऊ आणि नातेवाईक येतात, आईनं पाठवलेल्या वस्तू देतात, आर्ची चहा टाकते. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, तुमच्याकडेही तसंच असणार, म्हणून तो चहाचा कप बघतानाच पोटात गोळा येतो. कॅमेरा तिथे कसलीच घाई करत नाही. आणि मग एकदम शेजारीण पोराला घेऊन येते, दाराशी सोडते नि निघून जाते. घरात काय झालंय ते आपल्याला कळतं पोराबरोबर, आणि त्याला तर काही समजण्याचं वयच नाही. मारामारी दाखवली असती तर आपण मारणाऱ्यांवर चिडलो असतो आणि चिडून मोकळे झालो असतो, ती सोय दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ठेवलीच नाही.

प्रतीकांचं म्हणाल तर हे माझं वाचन आहे, दिग्दर्शकाच्या मनात हेच होतं असा दावा नाही. भाऊ येतो तेव्हा आर्ची दारात रांगोळी काढत असते. आपण रांगोळीबरोबर लक्ष्मीची पावलं काढतो ती नेहमी उंबऱ्यातून आत जाणारी, उलटी काढली तर आजी ओरडायची. इथे पोराची छोटी छोटी पावलं उमटतात ती आईबापाच्या रक्तात आणि घरातून बाहेर जाणारी. तेच दार, तोच उंबरा, दिशा तेवढी उलटी. ‘रक्त म्हणजे हिंसा’ एवढंच लिहून लोक पुढे जातात, मला त्याहून ही दिशा जास्त टोचते. आणि ते पोर परक्या माणसांच्या जगात चाललंय, जिथे त्याची जात त्याच्याआधी पोचलेली असेल.

एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. नंतर हाच सीन घरी टीव्हीवर लागला होता तेव्हा आईनं सरळ रिमोट उचलून व्हॉल्यूम वाढवला. वाढवत राहिली, काहीच येईना, मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बघ रे जरा, तुझं काम ते.’ मी म्हटलं, आई, आवाज नाहीच आहे त्यात. तिनं रिमोट खाली ठेवला आणि पिक्चर संपल्यावर उठून उगाचच भांडी घासायला घेतली, घासलेलीच.